हवाई हल्ल्याची नोंद : आकाश एकाचं, जमीन दुसऱ्याची

२०१९च्या मार्च महिन्यातली गोष्ट. एका खुल्या ऑनलाइन ज्ञानकोशात बालाकोटच्या हवाई हल्ल्यावर नवीच नोंद तयार झाली होती. तिच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की, या हल्ल्यात ३५० दहशतवादी ठार झाले. पुढे संदर्भ नव्हता. मी ती ओळ बदलली. सरकारी सूत्रांच्या हवाल्याने भारतीय माध्यमांनी ३०० ते ३५० मृतांचा आकडा दिला, भारत सरकारच्या अधिकृत निवेदनात आकडा नाही, आणि पाकिस्तानने जीवितहानी झाल्याचं नाकारलं आहे, असं लिहिलं. प्रत्येक विधानाला बातमीचा दुवा जोडला.

दुसऱ्या दिवशी चर्चा पानावर एका ओळीचं उत्तर आलं होतं : बदल करणाऱ्याचं नाव बघा, कारण आपोआप कळेल.

त्याच आठवड्यात त्याच नोंदीत कुणीतरी भर घातली की, हल्ल्यात फक्त झाडं पडली आणि बाकी सगळा निवडणुकीचा बनाव होता. हेही संदर्भाशिवाय. मी तेही काढलं. त्यावर चर्चा पानावर कुणी काही म्हटलं नाही. पण घरी मामू चिडले. "टीव्हीवाले झूट बोले, और तू उनकाच आकडा लिखके रखा?" त्यांना वाटलं, मी घाबरलो. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं तर काळजीनंच सांगितलं, "सर, कावून हात लावता त्या नोंदीले? देशाचा मामला हाय. दुसरं कोणी लिहीन."

तिघांचंही म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवत राहिलो. हवाई हल्ल्याची नोंद लिहिताना एवढं का पेटतं? लढाया तर माणूस हजारो वर्षं लिहितो आहे. मग विमानातून पडलेल्या बॉम्बची चार ओळींत सरळ नोंद करणं एवढं अवघड का व्हावं? त्याचं उत्तर शोधताना मला आधी आमच्या गावाशेजारचा किल्ला आठवला.

परतवाड्यातून उत्तरेला पाहिलं की मेळघाटचे डोंगर दिसतात. चिखलदऱ्याच्या त्या डोंगरात गाविलगड आहे. १४२५ साली बहमनी सुलतान अहमदशहाने तो बांधला, असं फरिश्ता या इतिहासकाराच्या आधारे सांगितलं जातं. १८०३च्या नोव्हेंबरात आडगावच्या मैदानात नागपूरकर भोसल्यांचा आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला, आणि उरलेली शिबंदी या गडावर आली. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला.

गाविलगडाची जी हकीकत आपल्याला वाचायला मिळते ती मुख्यतः जिंकणाऱ्याची आहे. आतल्या तटावर शिडी लावून चढलेल्या कॅप्टन कॅम्पबेलचं नाव आपल्याला माहीत आहे. आत मेलेल्या साध्या शिपायाचं नाही. ही हकीकत एकतर्फी आहे, यात वाद नाही. पण तिच्याविषयी एक गोष्ट मान्य करावी लागते. ती लिहिणारा गडावर पोचला होता. त्याने दरवाजा पाहिला, तट पाहिला, प्रेतं पाहिली. त्याने काय लपवलं आणि काय फुगवलं हा प्रश्न आहेच, पण त्याला काही दिसलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. जुन्या लढायांत जिंकायचं तर जमिनीवर जावंच लागे.

विमानाने ही अट काढून टाकली.

विमानातून टाकलेला पहिला बॉम्ब १ नोव्हेंबर १९११ रोजी लिबियात पडला. इटली आणि उस्मानी तुर्क यांचं युद्ध चाललं होतं. जुलिओ गावोत्ती नावाच्या इटालियन लेफ्टनंटने त्रिपोलीजवळच्या ऐन झारा आणि ताजुरा इथल्या छावण्यांवर चार छोटे बॉम्ब हाताने खाली टाकले. प्रत्येकी दोन किलोच्या आसपासचे, आपल्याकडच्या मोठ्या संत्र्याएवढे. इटलीच्या वर्तमानपत्रांनी मोठा विजय साजरा केला. तुर्कांच्या बाजूने लवकरच तक्रारी सुरू झाल्या की विमानं रुग्णालयांवर बॉम्ब टाकतात. इटलीने त्या नाकारल्या. खाली नेमकं काय झालं, किती अरब मेले, याचा नक्की हिशेब कुणी दिला नाही. म्हणजे हवाई हल्ला जन्मला तोच दोन हकीकती घेऊन. वरून टाकणाऱ्याची एक, खाली सोसणाऱ्याची दुसरी, आणि दोघांच्या मध्ये जाऊन पाहणारा कुणी नाही.

मला वाटतं, सगळी अडचण इथे आहे. हवाई हल्ल्यात पुरावा दोन तुकड्यांत फाटतो. किती विमानं गेली, कोणता बॉम्ब होता, नेम कशावर धरला होता, रडारवर काय दिसलं, हे हल्ला करणाऱ्याला माहीत असतं. किती मेले, कोण मेले, कोणती भिंत पडली, हे ज्याच्या जमिनीवर बॉम्ब पडला त्याला माहीत असतं. आकाश एकाचं, जमीन दुसऱ्याची. आणि दोघांनाही आपला तुकडा हवा तेवढाच दाखवण्यात फायदा असतो. एकाला मृतांचा आकडा मोठा हवा असतो, दुसऱ्याला शून्य हवा असतो. कधी उलटही होतं. मेलेले सामान्य नागरिक असतील तर हल्ला करणाऱ्याला शून्य हवा असतो आणि सोसणाऱ्याला मोठा आकडा.

आकाश आणि जमीन एकाच्याच हाती आली की वाद कसा विरतो, याचं उदाहरण आपल्या शेजारी, गोव्यात आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याच्या तळावरून गेलेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. विमानतळाची इमारत वाचवायची, असे आदेश होते. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि भारतीय सैन्य त्याच धावपट्टीवर उभं राहिलं. खड्डे सगळ्यांना दिसले. उखडलेल्या धावपट्टीच्या शिल्लक भागावरून पोर्तुगीजांची दोन नागरी विमानं त्या रात्री निसटून कराचीकडे गेली होती, ही थोडी अडचणीची गोष्टसुद्धा भारतीय लेखकांनी लिहिली आहे. गोव्याला मुक्ती म्हणायचं की आक्रमण, यावर लिस्बनमध्ये पुढे अनेक वर्षं वाद चालला. पण दाभोळीच्या धावपट्टीवर काय झालं यावर फारसा वाद नाही. कारण ज्याने बॉम्ब टाकले तोच ३६ तासांच्या आत ते खड्डे मोजायला तिथे होता.

मात्र आकाश आणि जमीन दोन्ही एकाच सत्तेच्या हाती असूनही सत्य बाहेर येत नाही, असंही होतं. ५ मार्च १९६६ रोजी मिझो बंडाच्या वेळी भारतीय हवाई दलाच्या तूफानी आणि हंटर विमानांनी ऐझॉल शहरावर हल्ला केला. स्वतंत्र भारताने आपल्याच शहरावर केलेली ही बॉम्बफेक. सरकारने ती त्या वेळी उघडपणे मान्य केली नाही. विमानांनी माणसं आणि रसद टाकली, असं सांगितलं गेलं. आसाम विधानसभेतले डोंगरी भागाचे दोन आमदार तिथे जाऊन आले आणि त्यांनी सभागृहात बॉम्बफेकीची गोष्ट मांडली. पुढे कित्येक वर्षं हा प्रसंग मुख्यतः तिथल्या माणसांच्या आठवणीत राहिला. त्या काळी कुणी ज्ञानकोशात फक्त सरकारी निवेदन घेतलं असतं, तर ती नोंद नियमाला धरून दिसली असती आणि खोटी ठरली असती. म्हणून तटस्थ लिहिणं म्हणजे सरकारी लिहिणं नव्हे. रहिवासी काय म्हणतात हेही, रहिवाशांच्या नावावर, लिहावंच लागतं.

ऐझॉलचा प्रसंग १० ऑगस्ट २०२३ रोजी अचानक देशभर चर्चेत आला. पंतप्रधानांनी लोकसभेत अविश्वास प्रस्तावाला उत्तर देताना त्याचा उल्लेख केला. मग समाजमाध्यमांवर दावा फिरू लागला की त्या विमानांत पुढे काँग्रेसचे मंत्री झालेले राजेश पायलट होते. त्यांचे चिरंजीव सचिन पायलट यांनी वडिलांच्या नियुक्तीचा कागद लोकांसमोर ठेवला. हवाई दलातली नियुक्ती २९ ऑक्टोबर १९६६ची. बॉम्बफेक मार्चची. एका तारखेने विषय संपला. दावा करणाऱ्यांचा हेतू काय होता, पक्ष कोणता, याची चर्चा ज्ञानकोशाला करावी लागली नाही. नोंदीत दोन तारखा शेजारी लिहिल्या की वाचक स्वतः समजतो.

आता बालाकोटकडे येतो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. ४० जवान गेले. त्यातले दोन आमच्या वऱ्हाडातल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचे आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे. जैश-ए-मोहंमदने जबाबदारी घेतली. ही संघटना २००१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत आहे. हे सगळं नोंदीत स्पष्ट यायला हवं. तटस्थतेच्या नावाखाली जैशला गुळमुळीत शब्दांत गुंडाळणं हीसुद्धा एक बाजू घेणंच झालं.

२६ फेब्रुवारीच्या पहाटे भारतीय हवाई दलाच्या मिराज २००० विमानांनी पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या बालाकोटजवळ बॉम्ब टाकले. परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी निवेदन केलं. त्यांनी कारवाईला बिगर-लष्करी आणि प्रतिबंधात्मक म्हटलं. जैशचे दहशतवादी, प्रशिक्षक आणि कमांडर फार मोठ्या संख्येने मारले गेले, असं सांगितलं. आकडा सांगितला नाही. वाहिन्यांवर मात्र सकाळपासून ३०० आणि ३५० सुरू झाले. ३ मार्चला भाजपचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांनी अहमदाबादेत २५०हून अधिक म्हटलं. दुसऱ्या दिवशी हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ कोइमतूरला म्हणाले की, हवाई दल लक्ष्य भेदलं की नाही ते पाहतं, मृतांची मोजणी करत नाही.

पाकिस्तानचं म्हणणं होतं की विमानांनी घाईत बॉम्ब टाकले, ते जंगलात पडले आणि कुणी मेलं नाही. रॉयटर्सच्या बातमीदारांना गावकऱ्यांनी एक जण किरकोळ जखमी झाल्याचं आणि झाडं पडल्याचं सांगितलं. मार्चमध्ये रॉयटर्सने उपग्रहाची छायाचित्रं छापली, त्यांत मदरशाच्या इमारती उभ्या दिसत होत्या. भारताच्या बाजूने असं सांगितलं गेलं की वापरलेले स्पाइस २००० बॉम्ब छताला भोक पाडून आत फुटणारे आहेत, त्यामुळे इमारत उभी राहू शकते, आणि रडारची छायाचित्रं आपल्याकडे आहेत. ती लोकांसमोर ठेवली गेली नाहीत. पाकिस्तानने परदेशी पत्रकारांना आणि राजदूतांना त्या टेकडीवर नेलं, पण १० एप्रिलला, म्हणजे ४३ दिवसांनी. आकाशाची छायाचित्रं एका कपाटात, टेकडीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात.

अशा वेळी ज्ञानकोश लिहिणाऱ्याने काय करावं? आकड्यांची सरासरी काढावी का? ३५० आणि शून्य, म्हणून १७५? हे हास्यास्पद वाटतं, पण पुष्कळ लोक तटस्थतेचा अर्थ असाच घेतात. अर्धं याचं, अर्धं त्याचं. तटस्थता म्हणजे प्रत्येक विधानाला त्याचा मालक जोडणं. आणि कुणीही पक्षकार नसलेल्या माणसाने काही पाहिलं असेल, तर त्याला जास्त वजन देणं. ३५० कुणाचा? सूत्रांच्या हवाल्याने वाहिन्यांचा. २५० कुणाचा? एका पक्षाध्यक्षाच्या भाषणातला. शून्य कुणाचा? पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याचा. मालक जोडला की आकडा आपोआप त्याच्या मापात येतो.

हे मी मामूंना सांगितलं तेव्हा त्यांना समजवायला फार दूर जावं लागलं नाही. हदीसच्या शास्त्रात हीच रीत आहे. प्रेषितांचं वचन सांगण्याआधी ते कुणी कुणाकडून ऐकलं, त्याची साखळी सांगावी लागते. तिला इस्नाद म्हणतात. साखळीतला एक माणूस खोटारडा किंवा विसराळू निघाला, किंवा त्याची आणि पुढच्याची भेट होणंच शक्य नव्हतं असं तारखांवरून दिसलं, तर वचन कितीही गोड असो, त्याचा दर्जा घसरतो. राजेश पायलट यांच्या तारखेने केलं तेच हे काम. कुराणाच्या हुजुरात सूरेतही सांगितलं आहे की, भरवसा नसलेल्याने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समाजाचं नुकसान कराल. ज्यांच्या मदरशात पहिल्या वर्षापासून हे शिकवतात, त्यांच्यातल्या कुणी व्हॉट्सअॅपवरचा शून्याचा आकडा इस्नादशिवाय पुढे ढकलू नये. मामू म्हणाले, "बात तो सही है." पण रागावलेलेच राहिले.

नोंद लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट जमावी लागते. थांबणं. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी काश्मीरमध्ये बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. त्यातले ६ जण आणि जमिनीवरचा एक नागरिक असे ७ जण गेले. मृतांत नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. पहिल्या बातम्यांत तांत्रिक बिघाड म्हटलं गेलं. त्याच दिवशी पाकिस्तानने आपण दोन भारतीय वैमानिक पकडल्याचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते एकावर आलं. हेलिकॉप्टरचा उलगडा व्हायला मात्र सात महिने लागले. चौकशीनंतर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी नवे हवाई दलप्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी सांगितलं की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं आणि ती मोठी चूक होती.

फेब्रुवारीत ज्याने नोंदीत कारण अजून स्पष्ट नाही, चौकशी सुरू आहे असं लिहिलं, त्याला कुणीतरी भित्रा म्हटलं असेल. ऑक्टोबरात त्याचीच ओळ टिकली. ज्याने तांत्रिक बिघाड ठाम लिहिला त्याला ती पुसावी लागली. आणि ज्याने पहिल्याच दिवशी पुराव्याशिवाय आपल्याच माणसांनी पाडलं असं लिहिलं असेल, तो पुढे खरा ठरला तरी त्या दिवशी तो चुकलेलाच होता. अंदाज खरा निघाला म्हणून तो पुरावा होत नाही.

आता राहिला विषयाला धरून राहण्याचा प्रश्न. तटस्थतेइतकाच हा महत्त्वाचा आहे, आणि याकडे लक्ष कमी जातं. कारण विषय सोडून भरलेला मजकूर बहुतेक वेळा खरा असतो. बालाकोटच्या नोंदीत मी असे तीन मजकूर येताना पाहिले. पहिला, ६ मे १८३१ रोजी याच बालाकोटला शीख फौजेशी लढताना सय्यद अहमद बरेलवी मारले गेले. दुसरा, ८ ऑक्टोबर २००५च्या भूकंपात हे गाव जवळजवळ उद्ध्वस्त झालं. तिसरा, २०१९च्या लोकसभा निवडणुकीचे तपशील. तिन्ही खरे. पहिला घालणाऱ्याला दाखवायचं होतं की ही दोनशे वर्षांची धर्मयुद्धाची भूमी आहे. तिसरा घालणाऱ्याला दाखवायचं होतं की सगळं मतांसाठी झालं. दुसऱ्याचा बहुधा काहीच हेतू नव्हता, त्याला फक्त माहिती होती.

यावर एक साधी कसोटी आहे. ते वाक्य काढून पाहा. वाचकाला २६ फेब्रुवारीच्या पहाटे काय झालं, का झालं आणि त्याचे थेट परिणाम काय झाले, यातलं काही कमी कळतं का? कळत नसेल, तर वाक्य खरं असूनही त्या नोंदीतलं नाही. १८३१ची लढाई आणि भूकंप बालाकोट गावाच्या नोंदीत जाऊ द्या. निवडणूक निवडणुकीच्या नोंदीत. हल्ल्याच्या नोंदीत दुवा द्या, एक ओळ द्या. पुलवामा मात्र हवं, कारण त्याशिवाय हल्ल्याचं कारण कळत नाही. कारण म्हणून किती मागे जायचं याला अंत नाही. पुलवामाच्या मागे २०१६, त्याच्या मागे १९८९, त्याच्या मागे १९४७. प्रत्येक जण आपल्याला सोयीच्या सालापाशी थांबतो. म्हणून हल्ला करणाऱ्याने स्वतः जे कारण सांगितलं तिथे थांबावं आणि बाकी इतिहासाला त्याची जागा द्यावी.

ही कसोटी माझ्यावरही उलटली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यात महाराष्ट्रातले ६ जण होते. ७ मे रोजी भारताने ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये ९ ठिकाणी हल्ले केले. त्या सकाळी परराष्ट्र सचिवांच्या शेजारी बसून कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांनी माहिती दिली. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवशी प्रत्येक मोबाइलवर कर्नल कुरेशींचा फोटो होता. मलाही अभिमान वाटला, तो लपवण्याचं कारण नाही. एका तरुणाने मला विचारलं, हल्ल्याच्या नोंदीत त्या मुस्लिम आहेत हे घालू का? बघू द्या सगळ्यांना. मी नको म्हटलं. त्यांनी माहिती दिली, हे नोंदीत हवं. त्यांचा धर्म कोणता, याने कुठे बॉम्ब पडला हे बदलत नाही. तो तपशील त्यांच्या स्वतंत्र नोंदीत शोभेल. हे सांगताना जड गेलं, कारण मलाही ते वाक्य तिथे बघायला आवडलं असतं. पण मार्च २०१९मध्ये कुणीतरी माझं नाव बघा म्हणाला होता. नाव बघून मजकूर ठरवू नये, असं माझं म्हणणं असेल, तर ते मला आवडणाऱ्या नावालाही लागू होतं.

त्याच मे महिन्यात ८ तारखेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालवल्या. सकाळी बंदर जागेवर होतं. लढाऊ विमानांच्या नुकसानीचंही तसंच झालं. पाकिस्तानने पहिल्याच दिवशी ५ भारतीय विमानं पाडल्याचा दावा केला. भारताने आकडा दिला नाही. ३१ मे रोजी सिंगापुरात संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी काही विमानं गमावल्याचं मान्य केलं, संख्या सांगितली नाही, आणि तोवर पाकिस्तानने ६ वर नेलेला दावा फेटाळला. ९ ऑगस्टला हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी पाकिस्तानची ५ लढाऊ आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. पाकिस्तानने ते नाकारलं. नोंदीत यातली प्रत्येक ओळ तारखेसह राहू शकते. तारीख काढून टाकली की त्याच ओळी एकमेकींना खोटं पाडू लागतात.

मराठीत या कामाला एक अडचण जास्त आहे. आपल्या बातम्यांच्या भाषेला वीररसाची सवय आहे. शत्रू मेला की त्याला कंठस्नान घातलं जातं, यमसदनी धाडलं जातं, त्याचा खात्मा होतो. आपला माणूस गेला की त्याला वीरमरण येतं. वर्तमानपत्रात हे चालतं, रोजचा अंक संध्याकाळी रद्दीत जातो. ज्ञानकोश रद्दीत जात नाही. तिथे दोघांसाठीही मृत्यू हा एकच शब्द पुरे आहे. इंग्रजी बातमीतून भाषांतर करताना आपण आकडे तसेच घेतो, पण क्रियापद मात्र आपलं घालतो. वाद बहुतेक वेळा त्या क्रियापदात असतो.

आणि वऱ्हाडच्या माणसाला हे काम परकं वाटू नये. मराठीचा पहिला मोठा ज्ञानकोश करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर अमरावतीत शाळा शिकले होते. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९२०च्या दशकात त्यांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पूर्ण केला. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून मराठी विश्वकोश उभा केला, त्याचा पहिला खंड १९७६चा. त्या दोघांकडे मजकूर छापण्याआधी तपासायला वेळ होता. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हापासून संपादकाची खुर्ची सगळ्यांसाठी मोकळी झाली. आता बॉम्ब पडल्यापासून तासाभरात नोंद तयार होते, आणि ती लिहिणारा आपल्यातलाच कुणीतरी असतो. परतवाड्यात बसलेला, हातात मोबाइल, समोर वाहिनी चालू.

म्हणून माझ्या सहकाऱ्याचा सल्ला मी मानला नाही. दुसरं कोणी लिहीन, हे खरं आहे. पण ज्याच्या नावाकडे बोट दाखवलं जातं त्याने बाजूला व्हायचं ठरवलं, तर देशाच्या नोंदी ठरावीक नावांच्याच हातात राहतील. आणि मग त्या कितीही नीट लिहिल्या तरी त्यांच्यावर अर्ध्या लोकांचा विश्वास बसणार नाही.

बालाकोटची नोंद आज मला लिहायला सांगितली तर मी एवढंच लिहीन. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे भारतीय हवाई दलाने पाकिस्तानातल्या बालाकोटजवळ बॉम्ब टाकले. पुलवामा हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्या जैश-ए-मोहंमदच्या प्रशिक्षण तळावर हा हल्ला होता आणि त्यात मोठ्या संख्येने दहशतवादी मेले, असं भारताने सांगितलं, आकडा दिला नाही. जीवितहानी झाली नाही, असं पाकिस्तानने सांगितलं, आणि परदेशी पत्रकारांना तिथे ४३ दिवसांनी नेलं. मार्च २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह छायाचित्रांत इमारती उभ्या दिसत होत्या. त्यांतून आतल्या नुकसानीचा अंदाज येत नाही, असं भारतीय बाजूचं म्हणणं आहे.

हे वाचून मामूंचं समाधान होणार नाही, आणि चर्चा पानावरच्या त्या माणसाचंही नाही. त्या माणसाची ती ओळ मी काढली नाही. अशा ज्ञानकोशात प्रत्येक पानाला इतिहास नावाची एक खिडकी असते. तिच्यात कुणी, कोणत्या तारखेला, कोणता शब्द बदलला ते सगळं जपलेलं असतं. मी बदललेली दोन्ही वाक्यं तिथे आहेत, ३५०चं आणि झाडांचं. ज्याला माझं नाव बघायचं आहे त्याने जरूर बघावं. फक्त दोन्ही बदल बघावेत.